रंगनाथनांसाठी एक कपाट

१२ ऑगस्ट आला की आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात टेबलावर पांढरी चादर पडते. त्यावर भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांचा फोटो, हार, उदबत्ती. मग दोन भाषणं, चहा. झाला ग्रंथपाल दिन! यंदा मी प्राचार्यांकडे दाराजवळचं ट्रॉफ्यांचं काचेचं कपाटच मागितलं. "मग ट्रॉफ्या कुठे ठेवायच्या?" जिमखान्यात, म्हटलं.

मला त्या कपाटात थोर पुरुष नकोय, त्यांचं काम मांडायचंय. माणूसही मोठा मजेशीर. गणित शिकवणारे रंगनाथन जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच कंटाळून, परत शिकवायला घ्या म्हणत प्रेसिडेन्सी कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. आधी लंडनला शिकून या, तरी नको वाटलं तर जागा तुमचीच, असं ठरलं. परत आले ते पक्के ग्रंथपाल होऊन. 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हे ग्रंथालयशास्त्राच्या त्यांच्या पाच सूत्रांतलं पहिलं सूत्र आपण ग्रंथपाल परीक्षेपुरतं घोकतो. त्यांनी मद्रासला वाचकांना थेट कपाटांपर्यंत जाऊ दिलं. (आपल्याकडे अजून किती ठिकाणी चिठ्ठी द्या नि खिडकीशी ताटकळा, ते जाऊ द्या.)

लंडनच्या सेल्फ्रिजेस दुकानात त्यांनी मेकॅनो पाहिला. पट्ट्या त्याच, नट-बोल्ट तेच, खेळणं मात्र दर वेळी नवं. कोलन वर्गीकरणाचं, म्हणजे विषयाचे तुकडे करून प्रत्येकाला अक्षर-अंक द्यायचे नि ते विरामचिन्हांनी जोडून पुस्तकाचा क्रमांक बनवायचा, या त्यांच्या पद्धतीचं बीज तिथलं. ते १९३३ मध्ये छापून आलं. म्हणून मधल्या खणात मी पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठेवल्यात. एल म्हणजे वैद्यकशास्त्र, ४५ फुप्फुसं, ४२१ क्षयरोग, ६ उपचार. मधल्या विरामचिन्हांच्या जागी खरेखुरे नट-बोल्ट, हार्डवेअरच्या दुकानातले. परवा बी.कॉम.च्या एका पोरीने फुप्फुसांची पट्टी काढून डोळ्यांची लावली आणि विचारलं, "मॅडम, डोळ्यांना टीबी होतो?" होतो, म्हटलं. ती तशीच आत पुस्तकं बघायला गेली. कपाटाचं कुलूप मी त्याच दिवशी काढून टाकलं. एकदोन बोल्ट हरवतील, हरवू देत.

खालचा खण अजून रिकामा आहे. तिथे तालिका-कार्डांचा, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांचा जुना लाकडी ड्रॉवर हवाय, दांडी आणि कार्डांसकट. संगणक आल्यावर आमचे सगळे ड्रॉवर भंगारात गेले. कुणाच्या कॉलेजात, वाचनालयात अडगळीत पडला असेल तर कळवा, न्यायला मी स्वतः येईन.