'पुरुषांचा मेंदू असा, बायकांचा तसा' वाचल्यावर काय तपासावं?

आधी फरक किती, ते बघा. बातमीत फक्त सरासरी असते. दोन गटांच्या सरासरीतलं अंतर भागिले प्रमाण विचलन (गटातली माणसं सरासरीपासून साधारण किती विखुरलेली आहेत, त्याचं माप), म्हणजे 'कोहेन्स डी'. तो 0.2 आला, तर दोन्ही गटांचे आलेख सुमारे 92 टक्के एकमेकांवर बसतात. कुठलाही एक पुरुष आणि एक स्त्री उचला, जास्त सरासरीच्या गटातली व्यक्ती 100 पैकी जेमतेम 56 वेळा पुढे असेल. एवढ्यावरून समोरच्या माणसाबद्दल काय सांगणार?

सर्वांत जास्त फसवणारी चूक वेगळीच आहे. 'पुरुषांमध्ये परिणाम लक्षणीय, स्त्रियांमध्ये नाही, म्हणून दोघांत फरक.' हे साफ चुकीचं! पी म्हणजे खरा परिणाम नसतानाही योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा आकडा दिसण्याची शक्यता; ती 0.05 च्या खाली असली, की 'लक्षणीय' म्हणतात. हा पी एकीकडे 0.04 आणि दुसरीकडे 0.06 असू शकतो, म्हणजे जवळपास सारखाच. दोन परिणामांची थेट तुलना, म्हणजे इंटरॅक्शनची चाचणी, केलेली हवी. नसेल तर दावा बाजूला ठेवा.

मेंदूच्या भागांची मापं असतील, तर मेंदूच्या एकूण आकारमानाची दुरुस्ती केली आहे का, म्हणजे तो फरक हिशेबात धरला आहे का, ते पाहा. पुरुषांचा मेंदू सरासरी 11 टक्के मोठा असतो. ती दुरुस्ती केली की बरेच फरक आक्रसतात.

आणि चाचण्या किती केल्या? 0.05 च्या निकषावर 20 केल्या, तर खरा फरक कुठेच नसतानाही सरासरी एक निव्वळ योगायोगाने 'लक्षणीय' ठरते.