जमिनीतल्या गारव्यावर एसी चालेल का?

कोल्हापुरात बंगला, लॉज किंवा दवाखाना बांधायला काढलेली माणसे मला हमखास विचारतात, की जमिनीखाली बारमाही गारवा असतो, तर बोअर मारून त्यावरच एसी का चालवू नये? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आठ-दहा मीटरच्या खाली जमिनीचे तापमान वर्षभर जवळपास स्थिर असते आणि ते त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे २५-२६ अंशांच्या घरात राहते. एप्रिलच्या दुपारी गच्चीवरच्या आउटडोअर युनिटला ३७-३८ अंशांच्या हवेत उष्णता सोडावी लागते. तीच उष्णता बोअरमध्ये सोडलेल्या बंद पाइपातून पाणी फिरवून खडकात जिरवली, तर कॉम्प्रेसरवरचा ताण कमी होऊन वीज वाचते. इथवर तुमचे म्हणणे बरोबर आहे.

मात्र जमीन गारवा देत नसते, ती उष्णता पोटात घेत असते. दीड टनाचा एसी खोलीतून सुमारे ५.३ किलोवॅट उष्णता ओढतो आणि कॉम्प्रेसरची भर धरून सहा किलोवॅटच्या वर बाहेर टाकतो. कडाक्याच्या थंडीच्या देशांत उन्हाळ्यात जिरवलेली उष्णता हिवाळ्यात घर ऊबदार करायला परत काढतात. आपल्याकडे डिसेंबरात घरात हीटर लावतो कोण? शिवाय आपला काळा दगड उष्णता फार वेगाने पसरवत नाही, त्यामुळे बोअर दाटीने मारले, तर त्यांच्या भोवतालचा खडक वर्षागणिक तापत जातो. बोअरचा खर्च टाळून पाइप काळ्या रानात आडवे पुरावेत, असेही काही जण सुचवतात. पण ती माती उन्हाळ्यात भेगाळून पाइपापासून सुटते, आणि तेही नेमकी गरज असते तेव्हा.

अंबाबाईच्या देवळाजवळच्या यात्रीनिवासाची गोष्ट वेगळी. तिथे पहाटेपासून बादल्यांवर बादल्या गरम पाणी लागते. खोल्यांतून काढलेल्या उष्णतेवर आधी ते पाणी तापवावे आणि उरलेली तेवढी जमिनीत सोडावी, म्हणजे खडकावरचा बोजा हलका होतो. दवाखान्यालाही हेच लागू पडते. बंगल्याला मात्र मी सरळ नको म्हणतो. गच्चीला पांढरा रंग आणि पश्चिमेच्या खिडक्यांना रुंद छज्जा यांवर केलेला खर्च लवकर वसूल होतो.

तरीही करायचेच असेल, तर आधी एकच बोअर मारून त्यात निदान दोन दिवस गरम पाणी फिरवून चाचणी घ्यावी, तिच्या आकड्यांवरून बाकीच्या बोअरची संख्या व खोली ठरवावी आणि दोन बोअरमध्ये सहा मीटर तरी अंतर राखावे.