सर्व्हरचा मेगाब्लॉक

रोज दुपारी साडेचार वाजता ‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळयुद्धाच्या इंटरनेटवरच्या खेळातले अख्खे विश्व काही मिनिटांसाठी बंद होते. आइसलँडमधली सीसीपी ही कंपनी २००३ पासून हा खेळ चालवत आली आहे. खेळाचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर लावलेले असल्यामुळे तिथले सकाळचे ११ म्हणजे आपल्याकडचे बरोबर साडेचार. सुरुवातीच्या वर्षांत हा बंद तासभर चाले. पुढे तो आक्रसत काही मिनिटांवर आला. आमच्या घरी त्याच सुमारास चहाचे आधण चढते, त्यामुळे मला तो कधी खुपला नाही. उलट रविवारच्या मेगाब्लॉकचे वेळापत्रक शनिवारीच वाचून ठेवणारा मुंबईकर जसा निवांत असतो, तसा मी या बाबतीत निवांत असतो.

रोज बंद ठेवण्याची गरज काय, असा प्रश्न नवख्याला पडतो, आणि तो रास्त आहे. बँकेचे किंवा बातम्यांचे संकेतस्थळ अनेक सर्व्हरवर एकाच वेळी चालते. एक सर्व्हर दुरुस्तीला घेतला तरी येणारे लोक दुसऱ्याकडे वळवता येतात आणि कोणाला काही कळतही नाही. खेळाचे तसे नसते. कोणाचे जहाज कुठे आहे, कोणाच्या गोळीने कोण किती जखमी झाला, बाजारात कोणत्या मालाचा काय भाव लागला, हे सारे त्या क्षणी एका विशिष्ट सर्व्हरच्या स्मृतीत जिवंत असते, आणि ते धावते ठेवून खालचा पाया बदलणे फार अवघड असते. ‘ईव्ह’मध्ये तर जवळजवळ सगळे खेळाडू ‘ट्रँक्विलिटी’ नावाच्या एकाच जगात असतात. म्हणून त्या बंदच्या काळात कोणती सूर्यमाला कोणत्या यंत्राने सांभाळायची याची नव्याने वाटणी होते, खणून संपलेले लघुग्रहांचे पट्टे पुन्हा भरले जातात आणि दिवसभरात साचलेला गाळ उपसला जातो. पंढरपूरला आषाढीच्या काळात देवाचा पलंग काढतात, दर्शन रात्रंदिवस खुले राहते आणि यात्रा सरल्यावर देवाचा शीण जावा म्हणून प्रक्षाळपूजा होते. उभे राहण्याचा शीण देवालाही चुकलेला नाही, मग सर्व्हरची काय कथा!

या बंदच्या वेळेचा खेळावर किती परिणाम होतो, ते जानेवारी २०१४ मध्ये दिसले. ‘बी-आर५आरबी’ या सूर्यमालेत हजारो खेळाडूंची जी लढाई जुंपली, ती सुमारे २१ तास चालली. सर्व्हरवर भार फार झाला की हा खेळ स्वतःची वेळच मंद करतो, अगदी मूळ वेगाच्या दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे खेळाडूचा एक तास खर्ची पडतो तेव्हा त्या विश्वात जेमतेम सहा मिनिटे सरतात. अशा कूर्मगतीने चाललेली ती लढाई अखेर दुसऱ्या दिवशीच्या ११ वाजताच्या बंदपाशी येऊन थांबली. सेनापतींना रणनीती आखताना शत्रूच्या बरोबरीने सफाईच्या वेळेचाही विचार करावा लागतो, असे दुसरे युद्ध मला माहीत नाही.

देखभाल रात्री करतात, असे आपण सहज म्हणतो. पण रात्र कोणाची, हा खरा प्रश्न आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’च्या अमेरिकी सर्व्हरची साप्ताहिक देखभाल मंगळवारी, पॅसिफिक वेळेनुसार, म्हणजे तिथल्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने, सकाळी ७ ला सुरू होते. पूर्व किनाऱ्यावर न्यू जर्सीत तेव्हा दहा वाजलेले असतात आणि तिथे राहणारा माझा चुलतभाऊ कचेरीत असतो, त्याला तिचा पत्ताही लागत नाही. त्याच्यासोबत खेळायचे म्हणून भारतातून अमेरिकी सर्व्हरवर जाणाऱ्याला मात्र ती मंगळवारी संध्याकाळी साडेसातला, म्हणजे नेमकी हात मोकळे झाल्यावर भेटते. त्यातही अमेरिकेची घड्याळे हिवाळ्यात तासभर मागे जातात आणि आपली जात नाहीत, त्यामुळे नोव्हेंबरपासून हीच वेळ साडेआठ होते. याउलट ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ची दर सहा आठवड्यांनी होणारी पाच तासांची देखभाल चीनच्या घड्याळाने पहाटे ६ ला सुरू होते, ती आपल्याकडे साडेतीन ते साडेआठ. ही वेळ भारतासाठी म्हणून कोणी निवडलेली नाही, तरी ती आपल्या पथ्यावर पडते. नव्या खेळात शिरताना मी आता चित्रे आणि शस्त्रे पाहण्याआधी ही वेळ पाहतो.

मात्र खरा मनस्ताप होतो तो न सांगता बंद पडलेल्या सर्व्हरचा. एका शनिवारी रात्री दहाला आम्ही चौघे मोबाइलवरच्या एका खेळासाठी जमलो होतो. एक पुण्यात, एक कोल्हापुरात, एक दुबईत आणि तो न्यू जर्सीचा भाऊ. चौघांच्या वेळा जुळवायला आठवडा गेला होता. खेळ सुरू होईना. कोल्हापूरकराने खेळच काढून टाकला आणि सगळा पुन्हा उतरवायला घेतला, दुबईकराने इंटरनेट कंपनीला फोन लावला, आणि मी राउटर तीनदा बंद-चालू केला. दोन तासांनी सूचना झळकली की काही खेळाडूंना अडचण जाणवत आहे. त्या ‘काही’ शब्दावर आम्ही पुढचा अर्धा तास हसत होतो. पहिल्या पाच मिनिटांत ‘आमच्याकडे बिघाड आहे, मध्यरात्रीपर्यंत वाट पाहू नका’ एवढे जरी कोणी सांगितले असते, तरी आम्ही व्हिडिओ कॉलवर गप्पा मारत बसलो असतो आणि रात्र सार्थकी लागली असती.

अर्थात, बिघाड झाला त्या क्षणी तो कशाने झाला हे चालवणाऱ्यांनाही ठाऊक नसते, हे मान्य केले पाहिजे. ‘रोब्लॉक्स’ हा खेळमंच २८ ऑक्टोबर २०२१ पासून सलग ७३ तास बंद होता, तेव्हा त्यावर रोज सुमारे पाच कोटी लोक येत असत. नेमकी त्याच सुमारास त्यावर एका अमेरिकी उपाहारगृह-साखळीची फुकट बरिटो देणारी जाहिरात सुरू झाली होती, त्यामुळे लोकांनी सारे खापर बिचाऱ्या बरिटोवर फोडले. खरे कारण पुढे जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने स्वतःच विस्ताराने प्रसिद्ध केले. हजारो सर्व्हरना एकमेकांचा पत्ता सांगणारी ‘कॉन्सल’ नावाची प्रणाली नव्याने चालू केलेल्या एका सुविधेमुळे भाराखाली अडखळली आणि तिच्या पोटातली माहिती साठवण्याची यंत्रणाही संथ झाली. त्याहून वाईट म्हणजे बिघाड दाखवणारी निरीक्षणाची साधनेसुद्धा त्याच प्रणालीवर उभी होती. वीज गेली की ती का गेली हे सांगणारा फोनही विजेवरच चालावा, तशातली ही गत. दुरुस्तीनंतरही त्यांनी दारे एकदम उघडली नाहीत. खेळाडूंना थोडेथोडे करून आत घेतले, कारण रिकाम्या सर्व्हरवर सगळे एकदम तुटून पडले तर तो पुन्हा कोसळतो. ते निवेदन वाचल्यापासून ‘सर्व्हर सुरू झाला तरी मला आत का घेत नाहीत’ ही तक्रार मी करीत नाही.

त्या शनिवारनंतर मी काही सवयी लावून घेतल्या. जाहीर झालेली वेळ मी भारतीय वेळेत बदलून फोनच्या दिनदर्शिकेत टाकतो आणि तिच्या अर्धा तास आधी कोणतीही लांबलचक मोहीम हाती घेत नाही, कारण मधेच तुटलेल्या मोहिमेचे बक्षीस सहसा बुडते. लॉगइन होत नसेल तर आधी दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहतो, मग सर्व्हर चालू आहे की बंद हे सांगणारे खेळाचे अधिकृत पान पाहतो. खेळ काढून पुन्हा टाकण्याच्या फंदात पडत नाही. बिघाड चालू असताना खेळात पैसे भरायचे नाहीत, हा नियम मी महागात शिकलो: यूपीआयवरून रक्कम गेली, वस्तू मात्र आली नाही, आणि व्यवहाराचा क्रमांक टिपलेला होता म्हणून आठवड्याने प्रकरण मिटले. ‘भरपाईसाठी येथे लॉगइन करा’ असे सांगणाऱ्या दुव्यावर तर बोटही टेकवत नाही. अशा गोंधळाच्या दिवसांत ठकसेनांचे फावते, आणि कधी बंदचे कारणच घुसखोरी असते. एप्रिल २०११ मध्ये सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन नेटवर्क’ हे खेळांचे जाळे २३ दिवस बंद राहिले, तेव्हा सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली होती. त्यामुळे जो परवलीचा शब्द खेळाला, तो ईमेलला द्यायचा नाही, एवढे पथ्य मी पाळतो.

भरपाईचा विषय निघालाच आहे, तर एक उदाहरण मला विशेष आवडते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘फायनल फँटसी १४’चा नवा भाग आला आणि लोकांना तासन्‌तास रांगेत थांबावे लागले. निर्माते नाओकी योशिदा यांनी क्षमा मागितली, जगभरातल्या सेमीकंडक्टरच्या टंचाईमुळे नवे सर्व्हर मिळत नाहीत हे उघड सांगितले, सदस्यांना आधी ७ आणि मग आणखी १४ दिवस विनामूल्य दिले, आणि चक्क खेळाची विक्रीच काही आठवडे थांबवली. दुकानात गर्दी मावत नाही म्हणून दुकानदाराने स्वतःहून शटर ओढून घ्यावे, हे विरळाच.

‘गेन्शिन’मध्ये तर भरपाईचा दरच ठरलेला आहे: बंदच्या प्रत्येक तासाला ६० ‘प्रिमोजेम’ (हे खेळातले चलन), म्हणजे पाच तासांचे ३००. मागे एकदा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. सकाळी सातलाच तो आंघोळ करून, दूध पिऊन, फोन पुढ्यात ठेवून बसलेला दिसला, तेव्हा शाळेला सुट्टी असताना इतक्या लवकर कसा उठलास, असे मी विचारले. तो म्हणाला, ‘‘मामा, आज मेंटेनन्स आहे ना!’’