रोज सकाळीच का अडतंय? २२००जी काढून ५६००जी बसवल्यानंतरचे दोन आठवडे

११ मे २०२५, रात्री

अखेर नवा प्रोसेसर बसवला. एएमडीचा रायझन ३ २२००जी निघाला, रायझन ५ ५६००जी आला. मदरबोर्ड जुनाच, २०१८ चा बी४५०. बदलायचं कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांचं असेल तेच: १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपतोय आणि २२००जी विंडोज ११ च्या यादीत नाही. चार कोअरचे सहा झाले, थ्रेड बारा, आणि वॅट मात्र तेच ६५. नव्या एसएमपीएसचा, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा, खर्च वाचला.

नवा बायोस, म्हणजे बोर्डाचा स्वतःचा प्रोग्रॅम, कालच टाकला होता, जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. आधी प्रोसेसर बदलून बसलात तर काळी स्क्रीन बघत बसावं लागतं. पण बेळगावजवळच्या खानापुरात मे महिन्यात बायोस टाकायचा म्हणजे जीव मुठीत. दुपार कलली की ढग भरून येतात, वळीव कधी कोसळेल आणि लाईट कधी जाईल याचा नेम नाही. अपडेट अर्ध्यावर असताना गेली की बोर्डाचा दगड. म्हणून रात्री साडेअकरा वाजता, आभाळ निवळल्यावर, इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावून काम उरकलं.

कूलर काढताना घाई करू नका. वाळलेल्या पेस्टनं तो प्रोसेसरला घट्ट धरून बसतो, आणि सरळ वर ओढला तर सॉकेटचं लॉक लागलेलं असूनही प्रोसेसर उपसून येतो. एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खाली १३३१ पिना आहेत, त्यातली एक वाकली तरी रात्र गेली. मी पंधरा मिनिटं मशीन तापवलं, बंद केलं आणि कूलर डावी-उजवीकडं पिळत सोडवला.

चालू केल्यावर एफटीपीएमचा, म्हणजे प्रोसेसरातल्या चाव्या जपणाऱ्या कप्प्याचा, निरोप आला: नवा प्रोसेसर दिसतोय, जुनं पुसू का, वाय की एन? बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय वाय दाबायचा नाही. माझ्याकडं बिटलॉकर नाही, दाबला. मग पंखा फिरला, थांबला, परत फिरला. हे मेमरी ट्रेनिंग. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरातच असतो, तो नवा आल्यावर रॅमशी वेळा नव्यानं जुळवतो. तेव्हा पहिल्या खेपेला उशीर लागला म्हणून मी घाबरलो नाही. एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगानं चालवायची तयार सेटिंग) लावून रॅम ३२०० वर नेली, छान चालली. २२००जी वर ३२०० कधी टिकलंच नव्हतं, तिथं सगळं डिफॉल्टवरच असायचं.

१३ मे

सकाळी बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत ७२ सेकंद. जुन्या प्रोसेसरवर २५ लागायचे. पैसे घालून मशीन म्हातारं केलं म्हणायचं.

१४ ते १७ मे

चार दिवस नुसता अंधारात काठी फिरवत होतो. विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं. (तसं ते प्रोसेसर काढण्याआधीच बंद करायला हवं, किंवा शिफ्ट धरून शट डाउन करावं; नाहीतर आधीच्या हार्डवेअरवरचं अर्धवट झोपलेलं विंडोज नव्यावर जागं होतं.) स्टार्टअपमधले फालतू प्रोग्रॅम काढले. बायोसात नेटवर्क बूट बंद केलं, मागची यूएसबी हार्ड डिस्क काढली. एफटीपीएमवरही संशय घेतला, कारण २०२२ मध्ये एएमडीनंच कबूल केलं होतं की त्यामुळं मशीन मधेच अडखळतं. पण ते अडखळणं चालू मशीनचं, सुरुवातीचं नाही, आणि दुरुस्तीही एजीसाच्या (बायोसातला एएमडीचा भाग) १.२.०.७ आवृत्तीत आली. माझा बायोस त्यानंतरचा.

टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबमध्ये वर कोपऱ्यात ‘लास्ट बायोस टाइम’ दिसतो. तिथं १६ सेकंद होते, माझ्या मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मात्र लोगो यायलाच पन्नासच्या वर. बोर्ड मधेच स्वतःहून रिस्टार्ट होत होता आणि तो आकडा शेवटच्या खेपेचाच होता. म्हणून सांगतो, वेळ बटणापासून मोजा.

जुना प्रोसेसर परत बसवून बघावा असं दोनदा मनात आलं. पण बी४५० सारख्या ४०० मालिकेच्या काही बोर्डांवर नव्या बायोससोबत जुन्या प्रोसेसरांचा सपोर्ट जातो, तेव्हा ती वाट धरली नाही.

१८ मे

रविवार, घरीच होतो. दिवसभरात सहा वेळा बंद-चालू केलं. सहाही वेळा २० सेकंदांच्या आत! म्हणजे दुखणं रोज सकाळचंच. बेळगावच्या टिळकवाडीतल्या मित्राला फोन केला. त्याचं बालपण धारवाडात गेलेलं, अर्धं कन्नड, अर्धं मराठी.

“रॅम कितीवर चाललीय?”

“३२०० लावलीय की.”

“लावलीय ते राहू दे. सकाळी किती दिसते ते बघ. आणि मोदलु सेल नोडो, मर्दा.”

म्हणजे आधी सेल बघ. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल, करंट नसताना घड्याळ आणि बायोसची सेटिंग जपणारा.

१९ मे

सकाळी टास्क मॅनेजर उघडला. रॅम २४००. काल रात्री झोपताना ३२०० होती. रिस्टार्ट करून बायोसात गेलो तर एक्सएमपी बंद. घड्याळ बरोबर होतं, पण ते विंडोजनं इंटरनेटवरून दुरुस्त केलेलं असणार.

पण सेल गेला असला तरी भिंतीतून करंट येत असेपर्यंत बोर्ड सेटिंग विसरत नाही. मग रात्रीत विसरतो कसा? उत्तर स्वयंपाकघरात मिळालं.

“आई, रात्री कॉम्प्युटरचा स्विच कोण बंद करतंय?”

“मीच करते की. शेजाऱ्यांचा टीव्ही विजेनं जळाला तेव्हापासून सगळी बटणं बंद करूनच झोपते. तू कधी करणार?”

तो टीव्ही जळाला ९ मे च्या पावसात. प्रोसेसर बसवला ११ ला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ! सेल कदाचित कधीचाच मेला असेल. पण हिवाळ्यात भिंतीतला स्विच रात्रंदिवस चालू असायचा, आणि २२००जी वर सगळं डिफॉल्टच असल्यामुळं विसरायलाही काही नव्हतं. आता रोज रात्री करंट तुटतो, बोर्ड कोरा होतो, सकाळी रॅमचं ट्रेनिंग पहिल्यापासून. वर मी रोज संध्याकाळी एक्सएमपी लावून आणखी एक फेरी वाढवत होतो. तेही आता आठवतंय, रोज लावत होतो आणि ‘कालच्या सेव्हला काहीतरी झालं असेल’ म्हणून सोडून देत होतो.

२० मे

स्टँडजवळच्या घड्याळवाल्याकडून सीआर२०३२ चे दोन सेल आणले. जुना मल्टिमीटरवर १.४ व्होल्ट, असायला हवेत ३. ग्राफिक्स कार्ड नसल्यामुळं सेल समोरच दिसतो, बाजूची पत्ती नखानं दाबली की उडून वर येतो. बदलताना एसएमपीएसची वायर काढून ठेवली. नंतर तारीख, वेळ आणि एक्सएमपी लावलं, सेव्ह केलं.

२४ मे

आईनं चार रात्री नेमानं स्विच बंद केला, त्यातल्या दोन रात्री पाऊसही झोडपून गेला. चारही सकाळी १८-१९ सेकंद, रॅम ३२००, बायोसात शिरून पाहिलं तर घड्याळ जागेवर. फास्ट स्टार्टअप बंदच ठेवलंय. ते चालू केलं तर दोन-तीन सेकंद वाचतील, पण लिनक्सवरून विंडोजची डिस्क उघडायची मला सवय आहे आणि त्या सवयीशी फास्ट स्टार्टअपचं जमत नाही.

२२००जी नंदगडच्या भाच्याला देतोय. त्याचा बोर्डही २०१८ चाच आहे. दुसरा सेल त्याच डब्यात टाकलाय.