व्ही.35 ब्रेकआउट बॉक्स: कंट्रोलच्या पाचही तारांवर दिवे लागले

मंडळी, दोन सिस्को 2610 राउटरच्या मधला ब्रेकआउट बॉक्स, म्हणजे व्ही.35 या सिरियल जोडणीची एकेक तार वेगळी काढून दाखवणारा डबा, तयार झाला. रामबागेतल्या माझ्या टेबलावर दोन्ही समोरासमोर जोडलेत. दोघांतही डब्ल्यूआयसी-1टी हे सिरियल कार्ड, त्याला 60 पिनांचा कनेक्टर; एकाला डीटीई (टर्मिनलच्या बाजूची) केबल, दुसऱ्याला डीसीई (मोडेमच्या, म्हणजे क्लॉक देणाऱ्या बाजूची). कोण कुठल्या बाजूचा हे केबलच ठरवते, राउटर कनेक्टरच्या काही पिनांवरून ते ओळखतो.

या कार्डावर दिवा एकच. तो लागला तर उत्तम, पण नाही लागला तर कुठली तार रुसली आहे ते काही कळत नाही. सगळा खटाटोप त्यासाठीच.

व्ही.35 मध्ये एकाच कनेक्टरात दोन जातींचे सिग्नल असतात. डेटा आणि क्लॉक (बिटांची लय ठरवणारे ठोके) जोडतारांवर चालतात आणि त्यांची पातळी जेमतेम 0.55 व्होल्टची. कंट्रोलच्या, म्हणजे ‘तयार आहे, नाही’ सांगणाऱ्या तारा मात्र आरएस-232 या जुन्या सिरियल पोर्टसारख्या: +3 व्होल्टच्या वर चालू, -3 च्या खाली बंद. म्हणजे साधा मल्टिमीटरही त्या वाचतो. 34 पिनांच्या कनेक्टरवर सी म्हणजे आरटीएस (पाठवू का), डी सीटीएस (पाठव), ई डीएसआर (मोडेम तयार), एफ डीसीडी (लाइनवर सिग्नल आहे), एच डीटीआर (टर्मिनल तयार), आणि बी ग्राउंड.

प्रत्येक तारेवर, ती जिथे पोहोचते त्या बाजूला, दोन पायांचा लाल-हिरवा एलईडी लावला, सोबत 4.7 किलोओहमचा रेझिस्टर. एलईडी जास्त उजेडाचेच घ्या, कारण इथे करंट एक मिलिअँपच्या आसपासच मिळतो आणि त्याहून जास्त ओढला तर सिग्नलच खाली बसतो. हे सामान जेल रोडवर सहज मिळालं. 34 पिनांचा कनेक्टर मात्र जुन्या लीज लाइन मोडेमच्या केबलीतून काढावा लागला.

खरी मजा तिसऱ्या अवस्थेत आहे. हिरवा म्हणजे चालू. लाल म्हणजे समोरचा जिवंत आहे आणि स्पष्ट ‘नाही’ म्हणतोय. दिवा विझलेला असेल तर तार तुटली आहे किंवा समोरच्याला वीजच नाही. डीटीई राउटरवर इंटरफेस शटडाउन केला, तर डीटीआर आणि आरटीएस लागलीच हिरव्याचे लाल झाले. मग इंटरफेस पुन्हा चालू करून एफ पिनेचा जंपर (तार जोडणारा काढता तुकडा) काढला: डीसीडी विझला, बाकी चारही हिरवे, लाइन डाउन. तिथेच ‘इग्नोर-डीसीडी’ ही आज्ञा दिल्यावर राउटर डीएसआरकडे पाहू लागला आणि लाइन परत अप. कार्डावरच्या एकट्या दिव्याकडे पाहून हे दोन बिघाड वेगळे ओळखता आले नसते.

एक कोडं मात्र या पाच दिव्यांना सुटत नाही. डीसीई बाजूने क्लॉकच आला नाही तर पाचही हिरवे राहतात, लाइन अप दिसते आणि प्रोटोकॉल (राउटरांमधला संवाद) डाउन, कारण दर 10 सेकंदांनी जाणारे कीपअलाइव्ह, म्हणजे ‘मी आहे’ सांगणारे संदेश, पोहोचतच नाहीत. म्हणून आता क्लॉकसाठी सहावा दिवा. 0.55 व्होल्टवर एलईडी लागणार नाही, तेव्हा एएम26एलएस32 रिसीव्हर आणि त्याच्यामागे 74एचसी123 मोनोस्टेबल, म्हणजे प्रत्येक ठोक्यागणिक ठरावीक वेळ चालू राहणारं सर्किट. सेकंदाला 64,000 ठोक्यांच्या क्लॉकची एक फेरी 15.6 मायक्रोसेकंदांची, 9,600 ची सुमारे 104. मोनोस्टेबलचा वेळ 1 मिलिसेकंद धरला की दोन्हींना पुरतो, आणि क्लॉक थांबताच दिवा विझेल.