गव्हांकुराचा रस: काय मिळतं, किती मिळतं आणि कोणी पिऊ नये

गेल्या काही वर्षांत गोव्यात गव्हांकुराच्या, म्हणजे गव्हाच्या कोवळ्या गवताच्या, रसाचं वेड फार वाढलंय. आधी हे हरमल, मोरजी, हणजूणच्या कॅफेंपुरतं होतं, योगा शिकायला आलेले फॉरेनर एवढ्याशा ग्लासातून गडद हिरवा रस एका घोटात प्यायचे आणि वर संत्र्याची फोड चावायचे. आता ते फोंड्यात आमच्या कॉलनीपर्यंत पोचलंय, सकाळी फिरायला जाणाऱ्या बायकांच्या गप्पांत आहे, व्हॉट्सअॅपवर तर दर दोन दिवसांनी कोणीतरी फॉरवर्ड टाकतंच की कॅन्सरपासून टकलापर्यंत सगळं याने बरं होतं. मी स्वतः हा रस पिते, घरी ट्रेमध्ये उगवते, मला त्याची ती गवताळ गोड चव मनापासून आवडते, आणि म्हणूनच लिहायला बसले, कारण इतक्या चांगल्या गोष्टीबद्दल इतकं खोटं पसरलेलं मला बघवत नाही.

माझं म्हणणं एकच आहे, ते आधीच सांगून टाकते. गव्हाचं, सातूचं (म्हणजे जवाचं), ओटचं कोवळं गवत ही एक उत्तम पालेभाजी आहे. तिला पालेभाजीचा मान द्या, औषधाचा देऊ नका.

हे मी इतक्या ठामपणे सांगते कारण आमच्या काकींच्या बाबतीत काय झालं ते मी बघितलंय. काकींचं हिमोग्लोबिन कमी, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिलेल्या, त्याने त्यांचं पोट धरायचं. मग कुठल्याशा आरोग्य शिबिरात त्यांना सांगितलं की गव्हांकुर म्हणजे हिरवं रक्त, रोज एक ग्लास प्या, गोळ्यांची गरजच नाही. काकींनी गोळ्या बंद केल्या. पुढे देवळाच्या पायऱ्या चढताना त्यांना मधेच बसावं लागायला लागलं, चेहरा पांढराफटक, तेव्हा आम्ही पकडून नेऊन रक्त तपासलं तर आकडा आणखी खाली. मला त्या दिवशी जो राग आला तो अजून गेलेला नाही. आता काकी गोळीही घेतात नि रसही पितात, आणि बऱ्या आहेत.

तर हे हिरवं रक्त प्रकरण काय आहे ते जरा नीट सांगते. पानातलं हरितद्रव्य म्हणजे क्लोरोफिल आणि आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमधलं हीम, दोघांची रासायनिक घडण खरंच एकमेकांसारखी आहे, एक मोठं कडं आणि मध्ये एक धातू. हे फॉरवर्डवाल्यांनी शोधलेलं नाही, क्लोरोफिलवरच्या कामासाठी रिचर्ड विलस्टॅटरना 1915 चं नोबेल मिळालं आणि हान्स फिशरना हीम आणि क्लोरोफिल दोन्हींच्या कामासाठी 1930 चं. पण क्लोरोफिलच्या मध्ये मॅग्नेशियम असतं आणि हीमच्या मध्ये लोह, आणि शरीरात एकाचं दुसरं होत नाही. उलट पोटातल्या आम्लात ते मॅग्नेशियमही निसटतं. हे आपण सगळ्यांनी स्वयंपाकघरात बघितलंय, हिरव्या पाल्यात सोलं (आमसुलं) किंवा चिंच घालून शिजवलं की तो हिरवागार रंग जाऊन मळकट शेवाळी होतो, ते हेच.

आता लोहाचा हिशोब. 30 मिली रसात, म्हणजे त्या कॅफेवाल्या छोट्या ग्लासात, लोह एक मिलीग्रॅमही भरत नाही. आपल्याकडच्या आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2020 च्या शिफारशीप्रमाणे बाईला दिवसाला 29 मिलीग्रॅम लोह अन्नातून मिळायला हवं, आणि सरकारी अॅनिमियाच्या गोळीत 60 मिलीग्रॅम असतं. कुठे 60 आणि कुठे एकाच्याही आत. मग कोणी गोळी सोडून रसावर राहिलं तर काय होणार ते सांगायला डॉक्टर लागत नाही.

मग यात चांगलं काय? पुष्कळ आहे. के जीवनसत्त्व आहे, बीटा कॅरोटीन आहे, ई आहे, फोलेट, पोटॅशियम, थोडं मॅग्नेशियम, थोडं प्रोटीन, म्हणजे कुठल्याही गडद हिरव्या कोवळ्या पानात जे असतं ते सगळं. गंमत म्हणजे पालकाशी वजनाला वजन लावून बघितलं तर लोह जवळपास सारखं, आणि सी जीवनसत्त्व, पोटॅशियम, कॅल्शियम यांत पालक पुढे आहे. आणि बी12 यात आहे म्हणून सांगतात ते तर सोडूनच द्या, वनस्पती बी12 बनवतच नाहीत, शाकाहारी माणसाने बी12 साठी गव्हांकुरावर विसंबू नये.

ते एक वाक्य सगळीकडे फिरतं बघा, की 15 पौंड गव्हांकुर म्हणजे 350 पौंड भाज्या. ते चार्ल्स श्नाबेल नावाच्या अमेरिकन कृषी रसायनतज्ज्ञाच्या नावावर सांगतात. हा माणूस मात्र खरा आणि त्याचं काम इंटरेस्टिंग. 1930 च्या सुमारास कॅन्सस सिटीकडे त्याने कोंबड्यांना खाद्यात धान्याचं कोवळं गवत घालून बघितलं, कोंबड्या सुधारल्या, जास्त अंडी द्यायला लागल्या, मग माणसांसाठी वाळवलेल्या गवताची पावडर आणि गोळ्या बाजारात आल्या. त्याच्या कामातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट म्हणजे कापायची वेळ. गहू कांडी धरायच्या, म्हणजे दांड्याला पेरं यायच्या, अगदी आधी पानांत पोषण सगळ्यात जास्त असतं, एकदा कांडी धरली की झाड आपली ताकद दांड्याकडे आणि पुढे दाण्याकडे वळवतं आणि पानं चिवट होत जातात. पण त्याचं गवत उघड्या शेतात, थंडीत हळूहळू वाढलेलं असायचं, आपल्या ट्रेमधलं आठ दहा दिवसांचं असतं, हे दोन एकच समजून चालत नाही. आणि ते 15 आणि 350 चं म्हणाल तर, वाळवलेली पावडर आणि ताजी भाजी शेजारी ठेवून वजन केलं तर पावडरच जिंकणार ना, ताज्या पालेभाजीत दहातले नऊ भाग पाणीच असतं.

ताजा रस पिण्याचं वेड नंतर आलं, बोस्टनच्या अॅन विग्मोर यांच्यामुळे. बाई मूळच्या लिथुआनियाच्या. त्यांनी ट्रेमध्ये गहू उगवून रस काढायची पद्धत जगभर पोचवली, त्याचं श्रेय त्यांनाच, पण त्यांचे दावे इतके पुढे गेले की 1988 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या अॅटर्नी जनरलने एड्सबद्दलच्या दाव्यांवरून त्यांना कोर्टात खेचलं. जपानमध्ये सातूच्या कोवळ्या पानांची पावडर चालते, पाण्यात ढवळून पितात, तिथे घराघरात आहे.

संशोधन अगदीच नाही असं पण नाही हं. 2002 मध्ये इस्रायलमध्ये मोठ्या आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या वीसेक पेशंटवर अभ्यास झाला, काहींना खरा रस, काहींना तसाच दिसणारा खोटा, रोज 100 मिली महिनाभर, आणि ज्यांना खरा रस दिला त्यांचा त्रास आणि रक्त जाणं कमी झालं. चंडीगडच्या पीजीआय या सरकारी हॉस्पिटलने 2004 मध्ये थॅलेसेमियाच्या, म्हणजे सतत रक्त चढवावं लागणाऱ्या आजाराच्या, मुलांवर छोटा अभ्यास केला, त्यात काही मुलांना रक्त कमी चढवावं लागलं, पण 2009 मध्ये छापून आलेल्या दुसऱ्या अभ्यासात तसा फायदा दिसला नाही. म्हणजे आशा वाटावी असं काहीतरी आहे, पण एवढ्याशा पेशंटवरून कोणी आपल्या मुलाचं ट्रान्सफ्युजन पुढे ढकलायचा विचार करत असेल तर कृपा करून करू नका.

आता उगवण्याबद्दल, हा माझा आवडता भाग.

आपल्याकडे हे नवीन नाहीच खरं तर. नवरात्रात घटस्थापनेला रुजवण घालतो ना आपण, मातीत धान्य पेरून देवासमोर ठेवतो, दसऱ्याला तेच कोंब केसात माळतो. आमच्या सासूबाईंची रुजवण देवघराच्या कोपऱ्यात असते, तिथे ऊन येत नाही म्हणून ती पिवळीधमक, मऊ, लांब वाढते. क्लोरोफिल बनायला उजेड लागतो, अंधारात वाढलेलं गवत पिवळंच राहणार. तेच ताट दिवसभर खिडकीत ठेवलं की संध्याकाळपर्यंत हिरवं व्हायला लागतं, हे मी माझ्या मुलीला करून दाखवलं होतं, तिने शाळेत जाऊन सगळ्यांना सांगितलं. रसासाठी आपल्याला ते हिरवंच हवं.

गहू खायचे घ्या, किराणा दुकानातले अख्खे. बियाण्याच्या दुकानातले गुलाबी रंग लावलेले अजिबात घेऊ नका, त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. रात्रभर भिजत घालायचे, सकाळी निथळून फडक्यात बांधून ठेवायचे, पांढरी टोकं दिसली की ट्रेमध्ये मातीवर एकच थर पसरायचा, ओला पेपर झाकायचा, कोंब पेपर उचलायला लागले की पेपर काढून उजेडात. वीतभर झालं की मुळापासून अर्धा इंच वर कात्रीने कापायचं. मिक्सरला थोडं पाणी घालून फिरवायचं, मलमलच्या फडक्यातून पिळायचं आणि लगेच प्यायचं, ठेवलं की वासही बदलतो आणि सी जीवनसत्त्वही कमी होत जातं. पिळूनच घ्यावं लागतं, कारण त्यातला तंतू आपल्याला पचत नाही, गाईच्या पोटात तो फोडणारे जंतू असतात, आपल्या नसतात. दुसऱ्यांदा उगवतं ते जरा कमी कसाचं, मी ते घेत नाही, चोथ्याबरोबर शेजारच्या गाईला जातं.

गोव्यात सगळ्यात मोठी भानगड बुरशीची. जून ते सप्टेंबर मी ट्रे लावतच नाही, हवेत इतकी ओल असते की गवत वीतभर व्हायच्या आधी बुडाला बुरशी. नवशिक्यांना एक गोष्ट सांगते, कोंब फुटताना मुळांवर पांढरी लव दिसते, ती बुरशी नव्हे, ती मुळांचीच केसरं, पाणी शिंपडलं की चिकटून दिसेनाशी होतात. बुरशी असेल तर ती पाणी मारूनही दिसते, कोळिष्टकासारखी दाण्यादाण्यांत पसरते, राखाडी होते, कुबट वास येतो. तो सगळा ट्रे टाकायचा, वरचं चांगलं दिसतंय म्हणून कापून घ्यायचं नाही.

आणि कुठलंही धान्य पेरू नका. माझं माहेर बेळगावकडचं, तिथे कोवळ्या ज्वारीत गुरं सोडत नाहीत, किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते. कोवळ्या ज्वारीत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, जनावर मरतं. गहू, सातू, ओट एवढंच.

कोणी पिऊ नये तेही सांगते. रक्त पातळ करायला वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, के जीवनसत्त्व त्या गोळीच्या नेमकं उलट काम करतं. किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे विचारूनच. गरोदर बायकांनी आणि केमो वगैरे चालू असलेल्यांनी कच्चा रस टाळावा, मातीत उगवलेलं कच्चं खाणं आहे ते, जंतू असू शकतात. ग्लूटेन चालत नसलेल्यांचं जरा वेगळं आहे, ग्लूटेन दाण्यात असतं, पानात नसतं, पण कापताना दाणा आला तर पंचाईत, सीलिअॅक, म्हणजे ग्लूटेनने आतड्याला इजा होणारा आजार, असलेल्यांनी ट्रेचा घरगुती रस नकोच.

आणि ज्यांना हे सगळं झंझट नको त्यांनी वाईट वाटून घेऊ नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तांबड्या भाजीची (लाल माठाची) जुडी घ्या, पावसात तायकिळो (टाकळा) येतो तो घ्या, मशिंगाचा (शेवग्याचा) पाला तर कोणाच्याही परसात मिळतो, खोबरं घालून करा. त्या वाटीभर भाजीत 30 मिली रसापेक्षा कितीतरी जास्त मिळतं, तंतूही मिळतो, आणि खोबऱ्याच्या तेलाने कॅरोटीन अंगी लागायला मदतच होते. मी भाजीऐवजी रस कधीच घेत नाही, भाजी असतेच, रस वरचा.

पावडरबद्दल बरेच जण विचारतात. चालते, पण डब्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा, नंबर बघा, फक्त गव्हांकुर किंवा सातूची पानं एवढंच लिहिलंय का बघा, आणि पाच दहा रोगांची नावं छापली असतील तर तो डबा परत ठेवा. एक छोटा चमचा ताकात ढवळून घेतली तर चव मला बरी लागली, पाण्यात नाही आवडली.