स्क्रॅचमधले हिरवे ठोकळे: कंस नाहीत, मग आधी काय सुटतं?

स्क्रॅच म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम लिहायची भाषा. त्यात ऑपरेटरचे, म्हणजे गणित, तुलना वगैरे करणारे ठोकळे हिरव्या रंगाचे असतात. तिथे कंस लिहायची सोय नाही आणि गुणाकार आधी हा शाळेतला नियमही चालत नाही. आत बसवलेला ठोकळा आधी सुटतो, एवढंच. २ + ३ हा ठोकळा गुणाकाराच्या डाव्या खाचेत टाकून उजवीकडे ४ लिहिलं की उत्तर २०. उलट ३ × ४ हा ठोकळा बेरजेच्या उजव्या खाचेत टाकून डावीकडे २ लिहिलं की १४. ओढून आणताना कुठली खाच उजळते ते बघूनच सोडा. बहुतेक चुका इथेच होतात. शंका आली तर ठोकळ्यावर नुसतं क्लिक करा, उत्तर फुग्यात दिसतं.

तुलनेचे ठोकळे षटकोनी. ते गोल खाचेत बसतात, पण बेरजेसारखा गोल ठोकळा षटकोनी खाचेत बसत नाही. ‘पेक्षा मोठं किंवा समान’ असा ठोकळाच नाही. गुण १० किंवा जास्त हवे असतील तर पुष्कळजण ‘गुण > ९’ लावतात. पूर्णांकांना ते चालतं, पण ९.५ सुद्धा पास होतो! ‘गुण < १०’ हा ठोकळा ‘नॉट’मध्ये, म्हणजे उत्तर उलटं करणाऱ्या ठोकळ्यात घाला, प्रश्न मिटला.

सम-विषमसाठी मॉड, म्हणजे भागाकाराची बाकी देणारा ठोकळा: संख्या मॉड २ शून्य आलं तर सम. धन संख्येला शून्याने भागलं तर प्रोग्रॅम थांबत नाही, उत्तरात ‘इन्फिनिटी’ (अनंत) येतं आणि ते उत्तर स्प्राइटची, म्हणजे पडद्यावरच्या पात्राची जागा ठरवायला वापरलं तर तो पडद्याच्या कडेला जाऊन बसतो. शब्द जोडणारा ‘जॉइन’ मात्र दोन शब्दांत जागा सोडत नाही. पहिल्या शब्दानंतर स्पेस आपणच टाकायची.